ओहोटीचं वेळापत्रक

माझ्या स्वयंपाकघरात एकाच खिळ्याला
क्रूस आहे आणि ओहोटीचं वेळापत्रक.
फादर शुर्शो घर आशीर्वादायला आले तेव्हा म्हणाले,
एर्मिंदा, दोघांना एकच खिळा?
म्हटलं, फादर, भिंत ओली. दुसरा धरत नाही.

प्रभू, मी कसली भक्तीण ते तुला ठाऊक आहे.
जपमाळ खिशात आणि बोटं चिखलात.
म्हणून तिसऱ्यांवरच मोजते,
दहा टोपलीत पडल्या की एकदा ‘स्वर्गीय पित्या’.
मध्येच कुणीतरी ओरडून विचारतं, किती झालं गं वजन?
आणि मी पुन्हा पहिल्या रहस्यापासून.

कमरेला लोखंडी कडं असतं.
त्यातून जी निसटते ती परत वाळूत,
अजून वाढायची आहे म्हणून.
आंतोनच्या ऑपरेशनच्या महिन्यात
मी सात लहान ठेवल्या होत्या.
कबुलीत सांगितलं.
जाळीपलीकडून आवाज आला, सातच?
मोजल्यात, फादर.

ओब्दुलियाशी तीन वर्षं बोलत नव्हते.
कारण सांगितलं तर हसशील:
तिच्या आणि माझ्या पट्टीमधली दोरी.
वादळानं हलवली असं ती म्हणे.
मी म्हणे, वादळाला गाठ मारता येत नाही.
रोज हातभर अंतरावर वाकायचो आम्ही,
दोघींची दाताळी एकाच वेळी वाळूत खरर्र करायची,
आणि शांतिदान देताना मी खांबाशी हात मिळवल्यासारखं
भलतीकडेच वळायची.

मग हा पवित्र गुरुवार.
चंद्र भरत आलेला, म्हणून पाणी
शिंपल्यांच्या तराफ्यांपर्यंत मागे गेलेलं.
एवढी खाडी उघडी पडली की
घरातलं कुणीतरी आजारी उघडं पडावं तशी बघवेना.
बाया लांबवर पांगल्या.
ओब्दुलिया मऊ भागात शिरली.
मी बघितलं तेव्हा तिचा डावा बूट
गुडघ्यापर्यंत गेलेला.
तिनं हाक मारली नाही.
मारणारच नव्हती, मला माहीत आहे तिला.
नुसती उभी, लांबच्या डोंगराकडे बघत,
जणू डोंगर मोजायलाच आलेली.

मी दाताळं टाकलं.
तिच्यासमोर गुडघे टेकले, दुसरा उपाय नव्हता.
दोन्ही हातांनी बुटाभोवतीचा गाळ उपसला.
गार. इतका गार की बोटं कुणा दुसऱ्याची वाटली.
तोल जाऊ नये म्हणून तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.
सगळं वजन.
प्रभू, खरं सांगते, तेव्हा मी प्रार्थना केली नाही.
मनात एवढंच आलं की हिचे बूट तिच्या मुलाचे आहेत,
दोन नंबर मोठे,
तो जर्मनीला गेला तेव्हा ठेवून गेलेला.
बूट निघाला. पचक्कन आवाज झाला.
तिनं हात उचलला. मी माझ्या पट्टीवर आले.
टोपली अर्धीच भरली त्या दिवशी.

संध्याकाळी बारा खुर्च्या. मला सातवी.
सकाळी तीनदा घासूनही
अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ राहिलीच होती.
फादरनी कोमट पाणी ओतलं, पुसलं,
रेघ तिथंच.
त्यांनी वर पाहिलं नाही, मला बरं वाटलं.

रात्री जागरण. नऊ ते दहा आमच्या वाडीची पाळी.
मेणबत्त्या, मागच्या बाकावर कुणाचा तरी ओला कोट,
तू तिकडे बाजूच्या वेदीवर फुलांत.
एक तास तुझ्यासोबत जागायचं, एवढंच काम.
पहाटे पाचची उठलेली मी
किती वेळ टिकले कुणास ठाऊक.

बरगडीत कोपर बसलं.
‘घोरतेस,’
ओब्दुलिया समोर बघत म्हणाली.
मी सरळ बसले.
मेणबत्ती बोटभर उतरली असेल तेवढ्या वेळानं
ती पुन्हा, ओठ न हलवता:
‘शनिवारी साडेदहाला आहे.
कड्याकडेनं ये. मध्ये मऊ आहे.’